वासरांच्या गोठ्यातली शाळा

दूधवाल्याला गाईचा पाय धरता यायचा, वासराचं तोंड धरता यायचं, पण खिळा काही धरता यायचा नाही. त्या सकाळी तो घराच्या दाराला बाहेरून दोन लोखंडी आकडे ठोकत होता, एक चौकटीच्या या अंगाला, एक त्या अंगाला. त्यांत आडवा बसवायचा जाडजूड लोखंडी अडसर भिंतीला टेकून उभा होता. दोन घाव खिळ्यावर पडले की तिसरा अंगठ्यावर पडत होता. त्याचे वडील, म्हणजे घरातले आजोबा, अंगणात पालथ्या बादलीवर बसून देखरेख करत होते.

"सरळ धर."

"सरळच धरलाय."

"मग दारच तिरकं असेल," आजोबा म्हणाले. "सुताराला मी तेव्हाच सांगितलं होतं."

दार बाहेरून बंद करायची वेळ आली होती ती दूधवाल्याच्या मुलीपायी. मुलगी चांगली वाढलेली, उंचीने आईच्या कानापर्यंत आलेली. तिला सगळेच मॉनिटर म्हणायचे. शाळेच्या अगदी मागे, शेवटच्या खोलीत एक वर्ग भरायचा. ज्या मुलांना आपल्यात बसवून उपयोग नाही असं बाकीच्या वर्गांनी ठरवून टाकलं होतं, त्या मुलांचा तो वर्ग. तिथे कुणी हात धुतले नाहीत, कुणाचं दप्तर दुसऱ्याच्या खुंटीवर आहे, कोण घंटेआधी डबा उघडतंय, यावर या मुलीची घारीसारखी नजर असायची. बोलायची थोडं. दिवसभरात ओंजळभर शब्द. पण ते ऐकल्यावर समोरच्याची उलट बोलायची छाती व्हायची नाही.

मग साथ आली आणि शाळेला कुलूप लागलं. हे सगळ्या दुनियेला समजलं, मॉनिटरला सोडून. ती रोज सकाळी तोंड धुवायची, दप्तर पाठीला लावायची, डबा उचलायची आणि चालू लागायची. मोकळा रस्ता, बंद दुकानं, चिटपाखरू नाही, आणि मधोमध ही एकटी ताठ मानेने शाळेला निघालेली. बंद फाटकासमोर जाऊन उभी राहायची. तिथून तिला गस्तीवरचा हवालदार घरी आणून सोडायचा. रोज रोज त्यालाही कंटाळा आला. काल तो फाटकाबाहेरूनच दूधवाल्याला म्हणाला होता, "पुन्हा रस्त्यावर दिसली तर मला तिला विलगीकरण केंद्रात नेऊन ठेवावं लागेल. तिथे तिला कोण सांभाळणार हे मला विचारू नका. मलाच माहीत नाही."

दूधवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी उठून तो अडसर घेऊन आला.

शेवटचा खिळा वाकत असतानाच बाईंची स्कूटर फाटकाशी येऊन थांबली. बाई म्हणजे त्या शेवटच्या खोलीच्या बाई. कागदावर त्यांना विशेष शिक्षिका म्हणत. बाकीचे शिक्षक त्यांना फक्त पंखा बिघडला की हाक मारत, कारण बाईंना सगळंच दुरुस्त करायला येतं असा त्यांचा समज होता. देह दणकट, आवाज त्याहून दणकट. तोंडावर मास्क असूनही तो आवाज कुठे अडत नव्हता.

"दादा, काय ठोकताय?"

दूधवाला अंगठा तोंडातून काढून म्हणाला, "आकडे."

"गाई आता घरात बांधणार?"

त्याने मान खाली घातली. बाईंनी अडसराकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. पाच वर्षं खपून त्यांनी या मुलीला एकटीने रस्त्याने चालायला शिकवलं होतं. आधी फाटकापर्यंत, मग वळणापर्यंत, मग घरापर्यंत. त्या चालण्यावरच आता अडसर पडणार होता. बाईंचा राग नाकावर आला.

"ती काय चोर आहे?"

"बाई, तिला केंद्रात नेतील," आतून मुलीची आई बाहेर येत म्हणाली. तिच्या हातात दुधाचं गाळणं होतं, डोळ्यांखाली काळं झालं होतं. "मी दूध काढायला गेले की ही निघते. किती धावू? डबा शाळेत उघडायचा म्हणून इथे दुपारी खातही नाही. तुम्हीच सांगा काय करू."

बाईंचा आवाज जरा खाली आला. म्हणाल्या, "मला एक आठवडा द्या. तेवढे दिवस मी येते. ती घरात थांबली तर हे आकडे काढायचे."

"आणि नाही थांबली तर?"

"तर मी स्वतः अडसर घालीन," बाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांना ते बोलल्याचं वाईट वाटलं.

मॉनिटरला अंगणात आणलं. बाईंनी हातभर अंतर ठेवून, गोड आवाज काढून विचारलं, "काय गं, ओळखलंस का?"

मॉनिटरने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. चपला पाहिल्या, स्कूटर पाहिली, मागची गाय पाहिली. मग शांतपणे म्हणाली, "बाई शाळेत."

"अगं मीच बाई."

"बाई शाळेत."

बाईंनी इकडे तिकडे पाहून मास्क क्षणभर खाली ओढला. मॉनिटर पुढे आली, तो मास्क धरून नीट नाकावर चढवला आणि पाठ फिरवली. नियम म्हणजे नियम. तो मोडणारी बाई तर बाई असूच शकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फोनवर वर्ग घेतला. सगळीकडे तसंच चाललं होतं आणि वरून तशा सूचनाही आल्या होत्या. घरात त्या कामाचा एकच फोन होता आणि तो काकाचा होता. काका म्हणजे दूधवाल्याचा धाकटा भाऊ. तो कारखान्यात कामाला होता, कारखाना बंद पडला तसा घरी येऊन झोपला होता आणि फक्त जेवायला आणि फोन बघायला उठत होता. त्याने जिवावर उदार होऊन फोन दिला. फोनमध्ये बाई दिसल्या, तळहाताएवढ्या.

"लाल रंगाची वस्तू दाखव बघू," फोनमधल्या बाई म्हणाल्या.

"ती बघा, बादली," मागून आजोबा म्हणाले.

"आजोबा, तिला सांगू द्या."

"मग नीट विचारा. इथे दोन लाल बादल्या आहेत."

मॉनिटरने फोन उलटा करून मागे बाई आहेत का ते पाहिलं. नव्हत्या. पुन्हा सुलटा केला, तर होत्या. हा खोटेपणा तिला सहन झाला नाही. शेवटच्या खोलीत चुकीची वस्तू टाकायला एक डबा असायचा. इथे जवळ दुधाची किटली होती. फोन बाईंसकट आत गेला.

किटलीतून थोडा वेळ "हॅलो, हॅलो" ऐकू आलं, मग बंद झालं. काकाने कोपरापर्यंत हात घालून फोन बाहेर काढला. दूध नासलं नाही, फोन नासला. काका दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तो एरवीही बोलत नव्हता, पण आता मुद्दाम बोलत नव्हता.

आठवडा सरत आला. बाई रोज येऊन फाटकाबाहेर बसत, मुलगी रोज त्यांच्या अंगावरून शाळेला निघे, आणि बाई तिच्या मागे मागे समजावत धावत. बाई बरोबर होत्या म्हणून हवालदाराने एकदा मुलीला केंद्रात न नेता दोघींनाही परत आणून सोडलं. "बाई, निदान तुम्हाला तरी कळायला हवं," तो म्हणाला. एवढा अपमान बाईंचा शाळेच्या तपासणीतही झाला नव्हता.

शेवटच्या दुपारी अडसर आकड्यांत बसला होता. बाई बाहेर पालथ्या बादलीवर, आत मॉनिटर. खिडकीतून दिसत होतं, ती समोर डबा ठेवून, दप्तर पाठीला तसंच ठेवून बसली होती. आई घास घेऊन तिच्या तोंडाशी जाई, ती मान फिरवी. घंटा झाली नव्हती.

"तिचं बरोबर आहे," बाई एकदम म्हणाल्या.

"कुणाचं?" दूधवाल्याने विचारलं.

"तिचंच. बाई शाळेत असतात. मी इथे बादलीवर बसलेली, मला कोण बाई म्हणेल? दादा, तिला शाळेत न्यायला बंदी आहे ना? मग शाळा इकडे आणू."

"शाळा काय गाय आहे, दोरी धरून आणायला?"

"तो वासरांचा गोठा रिकामा करा."

तिथून वादाला तोंड फुटलं. गोठ्यात एक कालवड होती आणि ती कुठे बांधायची हा प्रश्न होता. शिवाय दोन दिवस पुरेल एवढा चारा होता. आजोबांचं म्हणणं, त्यांच्या वडिलांनी बांधलेल्या गोठ्यात कधी शाळा भरली नाही. काकाचं म्हणणं, त्याच्या फोनचं काय. शेवटी मुलीची आई उठली आणि खराटा घेऊन गोठा झाडायला लागली. तिने एकदा खराटा हातात घेतला की त्या घरात चर्चा संपत असे.

शेवटच्या खोलीची किल्ली बाईंकडेच होती. दुधाच्या गाडीतून किटल्यांच्या आड लपवून सामान आलं. फळा, हात धुवायचं घंगाळ, दप्तरं अडकवायच्या खुंट्यांची फळी, वस्तू टाकायचा तो डबा. बसायला पोती पसरली. खुंट्या बाईंनीच ठोकल्या, आणि एकही घाव अंगठ्यावर पडला नाही हे दूधवाल्याने पाहिलं. मग उरली घंटा. ट्रॅक्टरच्या नांगराची एक मोडकी लोखंडी तबकडी कुंपणाला पडली होती, ती आढ्याला टांगली. लाकडाने वाजवली तर धप्प. काकाच्या पान्याने वाजवली तर चमचा पडल्यासारखी. बाईंनी अंगणभर नजर फिरवली, सरळ दाराशी गेल्या, आकड्यांतून अडसर उपसला आणि येऊन तबकडीवर घातला.

तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. गाईंनी माना वर केल्या. आणि उघड्या दारातून दप्तर लावलेली, डबा धरलेली मॉनिटर बाहेर आली.

ती गोठ्याच्या तोंडाशी थांबली. खुंट्या पाहिल्या. आपल्या खुंटीला दप्तर अडकवलं. घंगाळात हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत, जसे शिकवले होते तसे. मग फळ्यापाशी मास्क लावून उभ्या असलेल्या बाईंकडे तिने पाहिलं.

"बाई," ती म्हणाली.

बाई पटकन फळ्याकडे वळल्या आणि कोरड्या फडक्याने कोराच फळा पुसायला लागल्या. त्यांना रडू आलं होतं आणि मास्क ओला झाला की श्वास घेता येत नाही.

"अडसर संध्याकाळी परत लागेल," दूधवाला हात पुढे करून म्हणाला.

"घंटा वाजवायची कशाने मग?" बाई फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या.

पण गोष्ट तिथे संपली नाही. मॉनिटर बसेना. शेवटच्या खोलीत पाच जण बसत, इथे पोती पाच आणि माणूस एक. ती एकेका पोत्यावर बोट ठेवून बाईंकडे बघू लागली. बाईंनी घरच्यांकडे पाहिलं. घरच्यांनी आभाळाकडे पाहिलं.

"मला गाई बघायच्यात," दूधवाला म्हणाला.

"माझे गुडघे," आजोबा म्हणाले.

मॉनिटरने आजोबांचा हात धरला आणि त्यांना पोत्यावर आणून बसवलं. ज्या आजोबांनी आयुष्यात आपल्या बापाचं ऐकलं नव्हतं, शाळेतून पळून जाऊन बैल राखले होते, ते मुकाट खाली बसले. त्यांच्यामागे काका. तिसऱ्या पोत्यावर आई आणि दूधवाला आळीपाळीने, ज्याची धार काढून होईल त्याने. चौथ्या पोत्याशी कालवड बांधली होती, कारण तिला दुसरीकडे जागाच मिळाली नव्हती.

मग रोज शाळा भरू लागली. घंटा झाली की रांग, हात धुणं, हजेरी. हजेरी मॉनिटर घ्यायची.

"आजोबा."

"आहे ना समोर."

"आजोबा."

"अगं दिसत नाही का तुला?"

"आजोबा."

"हजर," आजोबा म्हणाले, तेव्हा कुठे ती पुढे सरकली. कालवडीला तीनदा विचारलं. ती काही बोलली नाही. तिच्यापुढे फळ्यावर फुली पडली, आणि गोठ्यात सबंध काळ बांधलेली असूनही ती कालवड कायमची गैरहजर राहिली.

आजोबांचे सगळ्यात जास्त हाल हात धुण्यावरून झाले. त्यांनी बोटं पाण्यात बुडवून काढली की मॉनिटर त्यांना रांगेच्या शेवटी पाठवायची. पुन्हा बुडवली, पुन्हा शेवटी. "या हातांनी मी गाईंची बाळंतपणं केली आहेत," ते बाईंकडे तक्रार घेऊन गेले. "म्हणून तर धुवा," बाई म्हणाल्या. आजोबांनी चार दिवस डोक्यात राख घालून घेतली, पाचव्या दिवशी मनगटापर्यंत साबण लावला आणि मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. मॉनिटरने त्यांच्या पाठीवर थाप दिली. त्या थापेपासून आजोबा अभ्यासू झाले. घंटेआधी केस विंचरून येऊन बसायचे आणि काकाच्या चुका बाईंना सांगायचे.

काका वर्गातला ढ. मण्यांची माळ ओवायला दिली तर दोन लाल, एक पिवळा हा क्रम त्याला साधत नसे, कारण लक्ष नसे. मॉनिटर ती माळ उलगडून पुन्हा त्याच्या हातात द्यायची. कारखान्यात त्याच्यावर साहेब ओरडायचा. इथे कुणी ओरडत नव्हतं, फक्त माळ परत येत होती. हे त्याला जास्त लागायचं. हळूहळू बाईंनी मण्यांच्या जागी दुधाच्या बाटल्यांची झाकणं आणली. निळी गाईच्या दुधाला, पांढरी साय काढलेल्याला. मॉनिटर बाटल्या धुऊन, झाकणं लावून, रांगेत उभ्या करू लागली. आणि दुपारी घंटा झाली की डबा उघडून आपल्या हाताने खाऊ लागली. एवढ्यावरच तिच्या आईने बाईंना सगळं माफ केलं असतं, गोठासुद्धा.

एके दिवशी हजेरी चालू असताना आईचं उत्तर आलं नाही. ती पोत्यावर बसल्या बसल्या भिंतीला टेकली होती आणि तिचा डोळा लागला होता. तोंड किंचित उघडं, हातात तसंच गाळणं. साथ आल्यापासून ती दिवसाउजेडी झोपलेली कुणी पाहिली नव्हती. काका तिला हलवायला पुढे झाला. मॉनिटरने त्याचा हात धरला आणि ओठांवर बोट ठेवलं. शेवटच्या खोलीत तसा नियमच होता, दमलेल्याला झोपू द्यायचं. मग वर्ग तसाच बसून राहिला. आजोबा खोकला दाबून लालबुंद झाले. धार काढायची वेळ टळली, गाई हंबरायला लागल्या, तेव्हा दूधवाला चवड्यांवर चालत बाहेर गेला आणि एकट्याने सगळ्या गाईंचं दूध काढलं. गिऱ्हाइकांना उशिरा दूध मिळालं. कुणी विचारलं तर तो म्हणाला, "शाळा होती."

हे गिऱ्हाइकांकडून हवालदाराच्या कानावर गेलं. शाळा बंद, जमावाला बंदी, आणि रोज ठरल्या वेळी कुठेतरी घंटा वाजते. तो एक दिवस काठी घेऊन थेट गोठ्यात शिरला.

"काय चाललंय? किती माणसं ही?"

"घरातलीच आहेत," दूधवाला उभा राहिला. आकडे अजून दारावर होते आणि त्याची नजर तिकडेच गेली.

"आणि या?"

"मी चार हात लांब आहे," बाई म्हणाल्या. "मोजा हवं तर."

हवालदार मोजायला पुढे झाला, तेवढ्यात मॉनिटर त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. रोज हाताला धरून घरी आणून सोडणारा हाच माणूस तिने ओळखला असावा. तिने त्याच्या धुळीने भरलेल्या हातांकडे पाहिलं आणि घंगाळाकडे बोट केलं.

"अहो, धुऊन टाका," आजोबा खालून कुजबुजले. "माझं ऐका. सोडत नाही ती."

हवालदाराने काठी भिंतीला लावली आणि हात धुतले. बोटं बुडवून काढली. मॉनिटरने त्याला रांगेच्या शेवटी उभं केलं. रांगेत तो एकटाच होता. दुसऱ्यांदा त्याने साबण लावला. मग तिने त्याला पाचव्या, स्वतःच्या पोत्यावर बसवलं आणि हजेरी घेतली.

"पोलीस."

हवालदाराने दाराकडे पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं.

"हजर," तो हळू आवाजात म्हणाला.

घंटा होईपर्यंत त्याला सुटका नव्हती. जाताना तो दूधवाल्याला म्हणाला, "ती आता रस्त्यावर येत नाही, एवढंच माझ्या कामाचं. बाकी मी काही पाहिलं नाही." आणि दोन पावलं जाऊन परत आला, काठी घ्यायला.

साथ ओसरायला पुष्कळ दिवस गेले. शेवटी एकदाची शाळा उघडायची तारीख लागली. बाई स्कूटर उडवतच आल्या. सामान गाडीतून परत नेलं, फळा, खुंट्या, घंगाळ, सगळं. तबकडी आणि अडसर तेवढा राहिला. "सोमवारी पाठवा," असं म्हणून त्या आनंदात निघूनही गेल्या.

सोमवारी आईने डबा दिला, दप्तर दिलं, फाटक उघडलं. मॉनिटर अंगण ओलांडून गोठ्यात जाऊन बसली.

"अगं, शाळा तिकडे."

"शाळा," मॉनिटर म्हणाली आणि पोत्यावर हात आपटला.

संध्याकाळपर्यंत ती हलली नाही. शाळा सुटल्यावर बाई धावत आल्या, तर त्यांना पाहून तिने हजेरीच सुरू केली. बाईंनी कपाळाला हात लावला.

"आधी बाहेर जाते म्हणून अडसर," काका म्हणाला. "आता आत राहते म्हणून अडसर कुठल्या बाजूने लावायचा?" कुणी हसलं नाही.

दूधवाला बाईंच्या पुढ्यात आला. "बाई, राहू द्या ना. इथे ती खुशीत आहे. आमचंही बसणं होतं. रस्त्यावर गाड्या, लोक, लोकांची तोंडं. इथे माझ्या डोळ्यांसमोर राहील."

"जन्मभर?"

तो गोठ्यात बसलेल्या मुलीकडे बघू लागला.

"दादा, तुम्ही दाराला आकडे ठोकले तेव्हा मी तुमच्यावर आवाज चढवला," बाई म्हणाल्या. त्यांचा दणकट आवाज आता कुठे गेला होता कोण जाणे. "तुमचा अडसर निदान दिसत तरी होता. मी तिला गोठ्यात कोंडलं आणि वर घंटा बांधली. पाच वर्षं मी हिला फाटकाबाहेर जायला शिकवत होते." त्या उठल्या. "मी उद्यापासून इथे येणार नाही. आले तर ती शाळेत कधीच यायची नाही. तुम्ही काय करायचं ते करा, मुलगी तुमची आहे."

बाई स्कूटरवरून गेल्या, त्या मागे न बघता.

दुसऱ्या दिवशी मॉनिटर ठरल्या वेळी गोठ्यात हजर. घंगाळ नव्हतं म्हणून बादलीत हात धुतले. आजोबा केस विंचरून आले, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काका आला. आई गाळणं घेऊन आली. सगळे पोत्यांवर बसले आणि भिंतीवर फळ्याच्या जागी राहिलेल्या चौकोनाकडे बघत राहिले. बाई नव्हत्या. घंटा झाली नाही. कालवडीने शेपटी हलवली.

दूधवाला दारात उभा होता. तबकडी त्याच्या डोक्यावर होती आणि अडसर हाताशी. एक टोला घातला की झालं, वर्ग सुरू होईल, मुलगी बाटल्यांना झाकणं लावेल, डबा खाईल, संध्याकाळी इथेच असेल. त्याने अडसर उचललासुद्धा. मॉनिटर त्याच्याकडे बघत होती. वाजव, असंच तिच्या डोळ्यांत होतं. त्याचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. हात खाली आणून त्याने विचारलं, "बाई कुठे आहेत गं?"

तिने फळ्याच्या जागेकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. फाटकाबाहेरच्या, स्कूटर यायच्या रस्त्याकडे पाहिलं. तिला वेळ लागला, आणि कुणी घाई केली नाही.

"बाई शाळेत," ती म्हणाली.

दूधवाल्याने अडसर तिच्या हातात दिला. तिने तो दप्तरात खुपसला. अर्धा आत, अर्धा डोक्याच्या वर. ती अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेली, थांबली, आणि मागे वळून वर्गाकडे रागाने पाहिलं.

"रांग," ती म्हणाली.

त्या सकाळी लोकांनी दुकानांच्या फळ्या काढता काढता पाहिलं. पुढे दप्तरातून लोखंडी अडसर बाहेर आलेली मुलगी, मागे विंचरलेल्या केसांचे आजोबा, त्यांच्यामागे जांभया देणारा काका, त्याच्यामागे गाळणं हातात तसंच राहिलेली आई, आणि सगळ्यांत शेवटी दूधवाला, गाई न सोडता आलेला. शाळेच्या फाटकावर शिपायाने आजोबांच्या कपाळाला ताप मोजायचं यंत्र लावलं आणि अडवलं. "पालकांना आत परवानगी नाही."

"मी पालक नाही," आजोबा म्हणाले. "मी हिच्या वर्गात आहे."

मॉनिटरने त्यांचा हात धरला आणि शिपायाच्या अंगावरून आत नेलं. शेवटच्या खोलीच्या दारात बाई उभ्या होत्या. रात्रभर झोप नसलेला चेहरा. मॉनिटरने दप्तर आपल्या खुंटीला अडकवलं, अडसर काढून बाईंच्या हातात ठेवला आणि हजेरीला उभी राहिली. बाईंनी नेहमीचा टोला बाजूला ठेवला आणि शाळेची घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर तो अडसरच हाणला. सगळी शाळा दचकली.

पुढचे काही दिवस आजोबा तिच्याबरोबर जात राहिले. काकाला कारखान्यातून बोलावणं आलं, आईला गाई होत्या. मग एका सकाळी घराच्या फाटकाशी मॉनिटरने आजोबांना थांबवलं, त्यांचे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "आजोबा घरी." ती एकटी वळणापर्यंत गेली आणि वळणाआड गेली. आजोबा दिवसभर तोंड पाडून बसले. संध्याकाळी मात्र दूध न्यायला येईल त्याला सांगत होते की त्यांचं शिक्षण पुरं झालं.

कधीतरी हवालदार दूध घ्यायला आला. हात पुढे करून आधी धुवायला पाणी मागितलं, सवयच लागली होती. दाराच्या दोन्ही आकड्यांवर दुधाची गाळणी वाळत घातली होती. तो ती बघत राहिला.

"अडसर कुठे गेला हो तुमचा?"

"शाळेत आहे," दूधवाला माप भरत म्हणाला.

"परत नाही आणला?"

दूधवाल्याने रस्त्याकडे पाहिलं. शाळा सुटायची वेळ झाली होती.

"नाही लागला पुन्हा," तो म्हणाला.